फिसिडेन्स क्रिस्प्युलस: जांभ्याच्या दरडीवरचं छोटं मॉस ओळखताना

फिसिडेन्स क्रिस्प्युलस हे मॉस साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर वाढतं, क्वचित थोडं जास्त. पश्चिम घाटात ते सर्वदूर आहे, तरी नजरेतून निसटतं, कारण पावसाळ्यात दरडीवर जे हिरवं दिसेल त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. फिसिडेन्स ही मॉसच्या मोठ्या प्रजातींपैकी, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांपैकी, एक. जगभरात तिच्या सुमारे ४५० जाती आहेत. १८०१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ योहान हेडविग यांनी तिचं वर्णन केलं. प्रजाती ओळखणं सोपं आहे, हातात भिंग असेल तर दोन मिनिटांचं काम. जाती ठरवायला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्याआधी दरडीसमोर उभं राहून लिहिलेलं टिपण लागतं. हे टिपण नसलं की प्रयोगशाळेत कितीही मेहनत करा, नमुना अर्धाच राहतो.

पुढची माहिती बेळगाव आणि खानापूर तालुका, चंदगडला लागून असलेला पट्टा आणि दक्षिणेला लोंढा-तिनईघाटापासून जोयड्यापर्यंतचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. अथणी-रायबागकडे पाऊस फारच कमी. तिकडे हे मॉस शोधण्यात वेळ घालवू नये.

कधी शोधायचं

उन्हाळ्यातही ते जागेवर असतं, पण वाळलेलं, तपकिरी आणि पानं आत वळवून बसलेलं. तांबड्या मातीवर ते मातीसारखंच दिसतं. मृगाचा पाऊस लागला की तेच रोप ओलं होऊन उलगडतं आणि नवे फुटवे धरतं. आर्द्रा-पुनर्वसूत वाढ जोमाची असते, पण त्या दिवसांत पाऊस आडवा मारतो, चिखलाचे शिंतोडे पानांवर बसतात आणि नमुना धुता धुता तुटतो. मघा ते हस्त, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सगळ्यात कामाचा. तेव्हा रोपं पूर्ण वाढलेली असतात आणि त्यांच्यावर बीजाणूंच्या कुप्या मिळण्याची शक्यताही जास्त असते. कुपी मिळाली की ओळख पक्की करायला एक आधार वाढतो. दिवसाची वेळ सकाळची धरा. तिरप्या उजेडात दरडीवरची बारीक रोपं उठून दिसतात.

कुठे शोधायचं

खानापूरहून जांबोटी, कणकुंबी आणि पुढे चोर्ल्याकडे जाणारा रस्ता जागोजागी जांभा आणि तांबडी माती कापून काढलेला आहे. या कापलेल्या उभ्या दरडी म्हणजे फिसिडेन्सचं घर. मात्र कुठल्याही दरडीवर ते येत नाही. आधी दरडीची दिशा बघा. उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे तोंड असलेली, दुपारचं ऊन न लागणारी बाजू निवडा. मग मातीचा पोत बघा. बारीक, चिकण, घट्ट बसलेली माती हवी. बोटाने दाबल्यावर भुसभुशीत ढासळणारी दरड दर पावसात सोलली जाते, तिथे मॉसला टिकायला वेळच मिळत नाही. तिसरी गोष्ट उतार. दरड जवळजवळ उभी असेल तर झाडांचा पालापाचोळा तिच्यावर साठत नाही. इतक्या बुटक्या वनस्पतीला एक वाळलं पान अंगावर पडून राहिलं तरी उजेड बंद होतो, म्हणून सपाट जंगलजमिनीवर ती क्वचित आणि उभ्या दरडीवर भरपूर दिसते.

दरडीवर नेमकं शोधायचं ते जमिनीपासून गुडघा ते छातीच्या उंचीवर. अगदी तळाशी गटारातलं पाणी आणि चिखल उडतो. अगदी वर गवताची मुळं आणि ऊन. मधल्या पट्ट्यात, विशेषतः वर आलेल्या मुळाखाली किंवा जांभ्याच्या बाहेर आलेल्या ओठाखाली, थेट पावसाचा मारा चुकतो पण ओल झिरपत राहते. अशा आडोशात वीतभर जागेत दोन-तीन जाती एकत्र वाढलेल्या असू शकतात. म्हणून ‘एका ठिकाणचं ते एकच मॉस’ असं कधी धरू नका.

ओढ्याकाठी गेलात तर पाण्याची नेहमीची पातळी आणि पुराची पातळी यांमधला पट्टा बघा. सतत पाण्याखाली असलेल्या खडकावर वेगळ्या जाती असतात. तिथे काळपट हिरवं, दोन सेंटिमीटरहून मोठं, जाड कडेच्या पानांचं फिसिडेन्स दिसलं तर ते क्रिस्प्युलस नाही. बहुधा फिसिडेन्स नोबिलिस असावं. ते या मानाने चांगलंच दांडगं असतं. झाडाच्या बुंध्याची तळातली ओलसर साल, देवराईतल्या वाटेच्या कडा, जुन्या आडाच्या आतल्या भिंतीचा वरचा भाग आणि वारुळाची सावलीकडची बाजू, या जागाही सोडू नका. आडात वाकून बघायचं तर सोबत कुणीतरी हवंच. पावसात निसरड्या कठड्यावर एकट्याने वाकू नये.

बेळगावच्या किल्ल्याच्या किंवा यळ्ळूरच्या राजहंसगडाच्या तटावर जे मॉस सगळ्यात जास्त दिसतं ते बहुतेक हायोफिला इन्व्होल्यूटा असतं. जुन्या बांधकामात चुना असतो, तिथली जागा अल्कधर्मी बनते आणि मॉसचा सगळा जमावच बदलतो. दगडांच्या सांध्यातला गिलावा चुन्याचा आहे का हे बघायला गळून पडलेला खडा घेऊन त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. चाचणी नेहमी पडलेल्या खड्यावर करावी, भिंतीवर नाही. वारसा असलेल्या बांधकामावर एक थेंबही टाकायचा नाही. जांभा आणि त्यावरची माती आम्लधर्मी असते, तिथे बुडबुडे येत नाहीत. टिपणात फक्त ‘भिंतीवर’ असं लिहिलं तर नंतर कुणालाच काही कळत नाही. ‘चुन्याच्या सांध्यावर’ किंवा ‘उघड्या जांभ्यावर’ असं लिहिलं तर जातींची यादी निम्म्याने कमी होते.

उघडे सडे, रस्त्याकडेची उन्हातली जमीन, भाताच्या खाचरातला चिखल इथे फिसिडेन्स क्रिस्प्युलस शोधू नये. खाचरात भात कापल्यावर ओल्या मातीवर चक्राकार चपट्या हिरव्या चकत्या दिसतात, त्या रिक्सिया. ते मॉस नाही, लिव्हरवर्ट आहे, म्हणजे मॉसच्या नात्यातला पण वेगळा वनस्पतिगट.

भिंगाखाली: प्रजाती पक्की करणं

१० पट भिंग पुरतं, २० पट असेल तर उत्तम. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि नमुना भिंगाकडे आणा. बरेच जण भिंग नमुन्यावर धरून दुरून बघतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात.

पहिली खूण: पानं खोडाच्या दोनच बाजूंना, एकाच पातळीत, आलटून पालटून. सगळं रोप चपट्या छोट्या पिसासारखं दिसतं. दुसरी खूण: प्रत्येक पानाला एक ठळक मध्यशीर. तिसरी खूण निर्णायक आहे. चिमट्याने एक पान खोडापासून हळूच खाली ओढून काढा आणि त्याचा तळ बघा. फिसिडेन्सच्या पानाच्या खालच्या भागात दोन पाती असतात, त्या एकमेकींना चिकटून खिसा तयार होतो आणि त्या खिशात खोड व वरच्या पानाचा तळ बसतो. हा खिसा दिसला की प्रजाती फिसिडेन्स, वाद संपला. खिशाच्या वरचा पानाचा भाग आणि मध्यशिरेच्या पाठीमागून निघालेलं पातं मिळून उरलेलं पान होतं. पान हे असं तीन भागांत वाचायला शिका: खिसा, टोकाकडचं पातं, पाठीचं पातं. पुढे जातीची सगळी चर्चा याच तीन भागांवर चालते.

खिसा न बघता केवळ ‘दोन ओळींत पानं’ यावर विसंबलात तर हमखास फसाल. आपल्या दरडींवर फसवणारे बरेच आहेत. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पानं असलेल्या लिव्हरवर्टशी. त्यांचीही पानं दोन ओळींत असतात, पण पानाला मध्यशीर नसते, पान बहुधा गोलसर किंवा टोकाशी दुभंगलेलं असतं आणि खोडाच्या खालच्या बाजूला पुष्कळदा लहान पानांची तिसरी ओळ असते. दुसरा गोंधळ सेलाजिनेला या नेच्यांच्या नात्यातल्या वनस्पतीचा. पावसाळ्यात दरडीवर तिची कोवळी रोपं दाट येतात. तिला दोन आकारांची पानं असतात, मोठी दोन ओळी कडेला आणि लहान दोन ओळी वरच्या बाजूला, आणि ओढून बघितलं तर खोड चिवट दोऱ्यासारखं लागतं. झिरपत्या खडकावरच्या पातळ पारदर्शक नेच्यांच्या पानात शिरा फाटे फोडत जातात, फिसिडेन्सच्या पानात एकच, फाटे नसलेली शीर असते. आणि काही आडवी पसरणारी मॉसं चपटी दिसतात, पण त्यांची पानं खोडाच्या सगळ्या बाजूंनी निघालेली असतात, फक्त दाबल्यासारखी दोन बाजूंना वळलेली. खिसा नाही म्हणजे फिसिडेन्स नाही.

हायोफिला ओळखायला आणखी सोपं. ओलं असताना पानं ताऱ्यासारखी पसरतात, वाळलं की दोन्ही कडा आत गुंडाळून नळी होते. फिसिडेन्स क्रिस्प्युलसची पानं वाळल्यावर कुरळी होतात, पण चपटी मांडणी तरीही कळते. जागेवर असतानाच एक-दोन रोपं तळहातावर ठेवून फुंकर मारून सुकवा आणि पानं कशी वळतात ते लिहा.

नमुना घेणं

आधी परवानगी. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं आहे. अभयारण्याच्या हद्दीत पाय ठेवायलाही वन विभागाची परवानगी लागते आणि तिथून वनस्पती उचलायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. मॉस इतकं बारीक आहे, कोण बघतंय, हा विचार चुकीचा आहे. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातही परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना विचारूनच काम करावं. शेताच्या बांधावरून घ्यायचं असेल तर मालकाला सांगा, कशासाठी हवं ते समजावा. बहुतेक वेळा ते आपणहून आणखी दोन जागा दाखवतात. भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहेत राऊटनचं वटवाघूळ राहतं, ते जगात फार थोड्या ठिकाणी आढळतं. गुहांच्या तोंडाशी मॉस चांगलं असतं म्हणून अशा कुठल्याही गुहेत शिरू नये. उजेडाने आणि माणसांच्या वावराने वटवाघळं जागा सोडतात.

ज्या दरडीवर फिसिडेन्स असतं तीच ओली सावलीची जागा मलबारी चापडा या विषारी सापालाही आवडते. हात घालण्याआधी काठीने नेचे बाजूला करा आणि बघूनच हात पुढे करा. जळवांसाठी पायमोजे पँटवर ओढा. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत जंगलात जायचं झालं तर गोचिडांची काळजी घ्या. सीमेलगत दोडामार्ग आणि सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. परतल्यावर अंग तपासून कपडे गरम पाण्यात टाकावेत.

नमुना घ्यायचा तो नखाएवढा, फार तर २ सेंटिमीटर बाय २ सेंटिमीटर. जागेवर असलेल्या हिरवळीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कधीही नाही. बोथट चाकूचं टोक मॉसच्या खाली मातीत २ ते ३ मिलिमीटर घालून मातीसकट उचला. नुसती रोपं उपटली तर तळ आणि मुळांसारखे तंतू तुटतात आणि कुपीचे दांडे हातात येत नाहीत. कुप्या असलेला भाग निवडा, पण सगळ्या कुप्या काढून नेऊ नका. पुढच्या वर्षीची नवी रोपं त्यांच्यातूनही येणार आहेत.

प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना ठेवला की दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. ए-फोर कागद तिन्ही बाजूंनी दुमडून साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचं पाकीट करा आणि त्यातच ठेवा. घरी आल्यावर पाकीट उघडून सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात रंग उडतो. जड पुस्तकाखाली दाबू नका, कुप्या चेपतात. पाकिटावर शाईने लिहू नये, ओल लागली की पसरते. पेन्सिलनेच लिहा.

पाकिटावर जागेवरच लिहायचं ते असं: गाव, तालुका, जिल्हा. मोबाईलवरचं स्थान दशांशाच्या पाच अंकांपर्यंत. उंची. कशावर वाढलं आहे, म्हणजे उघडा जांभा, त्यावरची माती, साल की चुना. दरडीचं तोंड कुठल्या दिशेला आणि जमिनीपासून किती सेंटिमीटर वर. सावली किती. पाणी किती लांब. सोबत कुठली मॉसं, नेचे आहेत. तारीख आणि तुमचा क्रमांक. उदाहरणार्थ: ‘जांभ्यावरची घट्ट तांबडी माती, उभी दरड, तोंड ईशान्येला, ७० सेंटिमीटर उंचीवर, मुळाच्या आडोशाला, दाट सावली, झिरप आहे, पाणी वाहत नाही’. मोबाईलने काढलेल्या फोटोत शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. नाण्याच्या शेजारचा फोटो आकारासाठी फारसा उपयोगी नाही, नाणी वेगवेगळ्या मापांची येतात.

सूक्ष्मदर्शकाखाली

फोल्डस्कोपने, म्हणजे घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाने, पानाची ठेवण आणि पेशींची बाह्यरेषा दिसते. तो साधारण १४० पट मोठं करून दाखवतो. शाळेतल्या मुलांना खिसा दाखवायला तो उत्तम आहे. पण या जातीच्या पेशी पाच-दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि त्यांच्यावरचे फुगवटे बघायला ४०० पट लागतातच. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विनंती करून सूक्ष्मदर्शक मिळवावा.

वाळलेला नमुना एका वाटीत कोमट पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवला की पुन्हा पूर्ण उलगडतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब टाका. फुगवट्यांमध्ये हवा अडकते आणि काचपट्टीवर काळे बुडबुडे दिसतात, साबणाने ती सुटते. मग चहाच्या गाळणीत ठेवून बारीक कुंचल्याने माती धुवा. मातीचा एक कणही राहिला तर वरची पातळ काच नीट बसत नाही आणि ४०० पटीत काहीच स्पष्ट होत नाही.

खोडाच्या मध्यातली पानं घ्या. टोकाची पानं कोवळी असतात आणि तळाची झिजलेली, त्यांवरून जाती ठरवायला गेलात की चुकलात. कुपीच्या बुडाशी असलेली पानं मात्र वेगळी काढून स्वतंत्र काचपट्टीवर ठेवा, कारण काही जातींत कडेची पट्टी फक्त त्याच पानांवर असते.

आता पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

कडेची पट्टी. पानाच्या काठावर लांबट, रंगहीन, जाड भिंतीच्या पेशींची स्वतंत्र ओळ आहे का? सगळ्या पानाला ती असेल आणि आतल्या पेशी गुळगुळीत असतील तर तुम्ही फिसिडेन्स ब्रायॉइडिससारख्या जातींच्या गटात आहात. पट्टी सगळीकडे आहे, पण आतल्या पेशी मोठ्या, सैल आणि पातळ भिंतीच्या असतील तर फिसिडेन्स फ्लॅसिडसकडे जा. पट्टी फक्त खिशाच्या कडेला, तीही विशेषतः कुपीजवळच्या पानांवर ठळक असेल तर फिसिडेन्स सिलोनेन्सिसचा गट. क्रिस्प्युलसच्या मधल्या पानांना पट्टी नसते, काठ बारीक दंतुर किंवा खडबडीत असतो. त्याच्या काही प्रकारांत कुपीजवळच्या पानांच्या खिशावर पुसट पट्टी येते, म्हणून निर्णय नेहमी मधल्या आणि कुपीजवळच्या, दोन्ही पानांवरून घ्यायचा.

पेशी. पाठीच्या पात्याच्या मध्यावरच्या दहा पेशी मोजा. क्रिस्प्युलसच्या पेशी चौकोनी ते षटकोनी, साधारण ५ ते १० मायक्रॉन, आणि प्रत्येक पेशीची भिंत मध्यभागी एकदाच फुगलेली असते. सिलोनेन्सिसमध्ये एकेका पेशीवर बारीक ठिपक्यांसारखे तीन-चार उंचवटे असतात आणि पान धूसर दिसतं. एकच टोकदार काटा असेल तर सेराटससारख्या जातींचा विचार करा. वरून बघताना फुगवटा आणि काटा यांत फरक कळत नाही. त्यासाठी सुईने पान मध्यावर दुमडा आणि दुमडलेल्या कडेवर बारीक फोकस फिरवा. कडेच्या आकृतीत फुगवटा गोल घुमटासारखा आणि काटा टोकदार दिसतो. दहा मिनिटांची ही युक्ती जमली की निम्मी दिशाभूल टळते.

काखेतल्या पारदर्शक गाठी. ही क्रिस्प्युलसची सगळ्यात भरवशाची खूण. खोडाच्या मध्यातली दोन-तीन पानं पूर्ण ओढून काढा, उघडं खोड पाण्याच्या थेंबात सपाट ठेवा आणि १०० पटीत बघा. पानाच्या काखेत मोठ्या, रंगहीन, हिरवा कण नसलेल्या पेशींचा फुगीर पुंजका दिसतो. क्रिस्प्युलसमध्ये तो ठसठशीत असतो, सिलोनेन्सिसमध्ये ठळक नसतो. पानं काढताना चिमट्याने खोडाची साल निघाली तर गाठही निघून जाते आणि ‘गाठी नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून निदान तीन रोपं बघा.

मध्यशीर. क्रिस्प्युलसमध्ये ती पानाच्या अगदी टोकापर्यंत पोचते किंवा टोकाच्या काही पेशी आधी थांबते. टोकाबाहेर काटा काढून जात नाही. खिसा पानाच्या निम्म्या लांबीपर्यंत किंवा किंचित वर येतो.

कुपी मिळाली असेल तर तोंडावरचे दात बघा. फिसिडेन्समध्ये ते १६ असतात, तांबूस आणि प्रत्येक दात वरून दोन फाट्यांत चिरलेला. यावरून प्रजातीला दुजोरा मिळतो. या आकाराच्या जातींत नुसत्या दातांवरून जात ठरवायला जाऊ नका.

खोडाचा आडवा छेद घ्यायचा झाला तर ओली तीन-चार खोडं काचपट्टीवर शेजारी ठेवा, दुसऱ्या काचपट्टीने हलकेच दाबून धरा आणि तिच्या कडेला नवं ब्लेड चिकटवून जलद बारीक काप मारा. वीस-तीस कापांतून दोन-तीन चांगले निघतात, तेवढे पुरे. जुन्या ब्लेडने खोड चिरडतं.

मोजमापात सगळ्यात मोठी चूक होते ती नेत्रभिंगातल्या पट्टीचा एक विभाग म्हणजे एक मायक्रॉन असं गृहीत धरण्याची. मंचावर ठेवायची मोजपट्टी घ्या, तिचा एक विभाग १० मायक्रॉन असतो. ४० च्या वस्तुभिंगाने बघताना नेत्रभिंगातले ४० विभाग जर तिच्या १० विभागांशी जुळले, तर एक विभाग म्हणजे २.५ मायक्रॉन. प्रत्येक वस्तुभिंगासाठी हे वेगळं काढून सूक्ष्मदर्शकावर चिठ्ठी चिकटवून ठेवा.

नाव लिहिताना

मधल्या पानांना कडेची पट्टी नसणं, पेशींवरचा फुगवटा आणि काखेतल्या गाठी, हे तिन्ही जुळले तरच ‘फिसिडेन्स क्रिस्प्युलस’ लिहा. दोनच जुळले तर ‘फिसिडेन्स, क्रिस्प्युलसजवळचं’ लिहा. नुसता खिसा बघितला असेल तर ‘फिसिडेन्स’ एवढंच. अपुरं पण खरं नाव पुढे कुणालाही पूर्ण करता येतं. चुकीचं पूर्ण नाव मात्र संग्रहात वर्षानुवर्षं राहतं आणि दुसऱ्यांनाही चुकवतं.

जुने संदर्भ शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. भारतातल्या अनेक याद्यांत हीच जात फिसिडेन्स झिपेलियानस या नावाने नोंदलेली आहे, तेव्हा दोन्ही नावांनी शोध घ्या. आणि जागेची नावं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधीच्या नमुन्यांवर ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ किंवा ‘बॉम्बे स्टेट’ आणि ‘बेल्गाम’ असं असतं. कॅसलरॉक, तिनईघाटचे नमुने ‘नॉर्थ कॅनरा’ खाली सापडतात. बेळगावी हे नाव सरकारी कागदांत १ नोव्हेंबर २०१४ पासून आलं. स्वतःच्या पाकिटावर गावाचं नाव मराठीत लिहा, खाली कन्नड लिपीत आणि इंग्रजी स्पेलिंगने लिहा. एकाच वाडीची तीन स्पेलिंगं चालतात आणि नंतर तीन वेगळी ठिकाणं समजली जातात.

ओळख पटल्यावर नमुन्याचे दोन भाग करा. एक स्वतःकडे कोरड्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. दुसरा एखाद्या नोंदणीकृत हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, द्या. आपल्याला जवळची म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्याच्या पश्चिम विभागीय केंद्राचं. पाठवण्याआधी फोन करून ते मॉसचे नमुने स्वीकारतात का, पाकिटाचा आकार कोणता हवा आणि नमुना घेण्याच्या परवानगीची प्रत सोबत जोडायची का, एवढं विचारून घ्या. काचपट्ट्यांचे फोटो पाठवाल तेव्हा प्रत्येक फोटोवर किती पट आणि पानाचा कुठला भाग हे लिहा. ‘पान, ४०० पट’ एवढ्याने तपासणाऱ्याला काही सांगता येत नाही. ‘मधलं पान, पाठीचं पातं, मध्यावर, ४०० पट’ असं लिहिलेला फोटो त्याला लगेच वापरता येतो.